दादाचा उरलेला शब्द

४ फेब्रुवारी, मंगळवार

बारा माणसांच्या खोलीत गालाला माईक लावून बोलणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. खोली एवढीशी, की शेवटच्या रांगेतल्याने चहाचा घोट घेतला तरी पहिल्या रांगेला कळावं. तरी माईक! नाव सांगितलं त्याने, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. माझ्यापुरता तो गालमाईक.

'व्यावसायिकांसाठी संवाद आणि मार्केटिंग कौशल्यं.' दर मंगळवारी संध्याकाळी, टायरच्या दुकानाच्या वर. माझं नाव वहिनीने घातलं, मला न विचारता. "तुला जमेल गं," म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघितलं. जमेल असं खरंच वाटणारी माणसं तोंडाकडे बघून सांगतात, एवढं मला कोर्स न करताही कळतं.

प्रत्येकाने उभं राहून सात सेकंदांत स्वतःला 'सादर' करायचं होतं. पाण्याच्या टाक्या विकणारा एक गृहस्थ उठला आणि म्हणाला, "मी टाक्या विकत नाही, मी निश्चिंती विकतो." टाळ्या. एक बाई सोफ्याची कव्हरं शिवतात — त्या घराला नवा जन्म देतात म्हणे. पुन्हा टाळ्या. माझी पाळी आली आणि दातखीळ बसली. "मी कवळ्या बनवते," म्हणाले आणि खाली बसले. सातातली पाच सेकंदं तशीच उरली.

"छान," गालमाईक म्हणाला. "पण यात भावना कुठे आहे? लोक वस्तू विकत घेत नाहीत. भावना विकत घेतात."

आमच्याकडे लोक दातच विकत घेतात. भावनेने चावता येत नाही. हे अर्थात मला घरी आल्यावर सुचलं.

त्याचे स्वतःचे वरचे पुढचे सहा दात बसवलेले आहेत. सगळ्यात पांढरी छटा. आमच्या नमुन्याच्या पट्टीवर ती आहे, पण आम्ही ती कुणाला देत नाही, फक्त बाकीच्या छटा बऱ्या दिसाव्यात म्हणून ठेवलीय.

५ फेब्रुवारी, बुधवार

कोर्सला का जातेय ते एकदा लिहून टाकते. म्हणजे मधेच पळून जावंसं वाटलं की हे पान उघडता येईल.

दातांची लॅब दादाची आणि माझी. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, आम्ही कवळ्या करून पाठवतो. मी मागच्या खोलीत, मेणात आणि प्लॅस्टरमध्ये. दादा पुढच्या खोलीत, फोनवर. बोलायचं त्याने, बनवायचं मी — असं कधी ठरवलं नव्हतं, पण लहानपणापासून तसंच चालत आलं. तो डॉक्टरांशी बोलायचा, कुरिअरवाल्याशी बोलायचा, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाशीसुद्धा त्याच्या मुलाबाळांची चौकशी करेपर्यंत बोलायचा. आणि मधूनच मागे मान वळवून हाक — "धाकटे, झालं का गं?"

नोव्हेंबरात त्याला झटका आला. पाय सावरला, उजवा हात सावरतोय. बोलणं गेलं. अख्ख्या घराण्यातल्या एकमेव बडबड्या माणसाचं नेमकं बोलणंच जावं! एक शब्द तेवढा राहिला: च्यायला. आणि आकडे. त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, शिव्या आणि आकडे डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, आणि तो कप्पा वाचलाय.

आता खरी गोष्ट. बडे डॉक्टर — त्यांचे चार दवाखाने, आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. त्यांच्याकडे नवीन मॅनेजरबाई आल्यात. त्यांचा निरोप आलाय: मशीनवर कवळ्या करणाऱ्या एका मोठ्या लॅबला सगळं काम द्यायचा विचार आहे, जुने संबंध आहेत, म्हणून सतरा मार्चला येऊन तुमची बाजू मांडा. काम गेलं तर लॅबला कुलूप. दादाचं घर त्यावर चालतं, माझंही.

बाजू मांडणाऱ्याकडे एकच शब्द उरलाय. आणि मी? मला बसमध्ये "जरा सरकता का" म्हणायलाही दोन स्टॉप लागतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादा हल्ली रोज सकाळी लॅबमध्ये येऊन बसतो. वहिनी सोडून जाते, दुपारी घेऊन जाते. पॉलिशच्या मशीनशेजारचं स्टूल त्याचं.

एका शब्दात माणूस किती भागवतो! चहा चांगला झाला की लांबलचक च्याऽऽयला. कुरिअर उशिरा आलं की तुटक. मी मेणात दात नीट बसवले की हळू, जवळजवळ प्रेमाने. आज आमच्या लॅबमधला पॉलिशवाला म्हणाला, "ताई, दादा आधी एवढं बोलायचे, पण नक्की काय हवंय ते कळायचं नाही. आता लगेच कळतं." मी हसले. दादाही हसला. मग मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि पाच मिनिटं रडले. मला 'धाकटे' ऐकायचंय, बाकी काही नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा विषय: नजर.

जोड्या केल्या. माझ्या वाट्याला टाकीवाला. समोरासमोर बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलायचं. मी बघत होते की! तो मला झाकणांचे प्रकार सांगत होता, मी मान हलवत होते. थोड्या वेळाने तो तोंडावर हात ठेवून बोलायला लागला. मग रुमाल. मग म्हणाला, "ताई, काही अडकलंय का हो माझ्या दातांत?"

नव्हतं अडकलं. खालचा एक दात जरा आत वळलाय, त्याची मला गंमत वाटत होती एवढंच. पण माझ्या लक्षात आलं — मी कुणाच्या डोळ्यांत बघतच नाही. वर्षानुवर्षं दात बघितले. माणूस दिसला की नजर आपोआप खाली उतरते. शेजारच्या बाईंना मी ओळखते ती त्यांच्या दाढेवरच्या सोनेरी टोपीवरून. डोळे? असतील.

गालमाईकने सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवले. नजर: शून्य. खाली लिहिलं होतं, 'समोरच्याला अस्वस्थ करतात.'

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टीका करायची असेल तर आधी कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक. कोर्सच्या पुस्तकात पाव आणि मधल्या सारणाचं चित्रही काढलंय.

पॉलिशवाल्यावर प्रयोग केला. म्हटलं, "तुझं काम फार सुंदर आहे. या कवळीच्या कडा मात्र खरखरीत राहिल्यात. पण माणूस म्हणून तू हिरा आहेस."

तो पांढराफटक पडला. "ताई, काढून टाकताय का मला?"

समजूत काढण्यात अख्खी दुपार गेली. कडा अजून खरखरीतच आहेत. दादा स्टुलावर बसून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. एरवी मी असली चूक केली असती तर त्याने महिनाभर सगळ्या डॉक्टरांना तिखटमीठ लावून सांगितली असती. या वेळी फक्त च्यायला. माझं नशीबच म्हणायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गृहपाठ मिळाला! खऱ्या कामाचा एक फोन करायचा, रेकॉर्ड करायचा, मग ऐकायचा. तीन नियम. समोरच्याला नावाने तीनदा तरी हाक मारायची. आवाजात हसू ठेवायचं. आणि मुद्द्यावरून हलायचं नाही — समोरचा फाटे फोडू लागला तर नम्रपणे मुद्द्यावर परत आणायचं.

"ऐकताना तुमचं लक्ष कुठे जातं ते बघा," गालमाईक म्हणाला. कुठे जाणार? कानात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्लॅस्टरवाल्याला फोन केला. गेल्या दोन खेपांना त्याच्या प्लॅस्टरमध्ये खडे येताहेत, साचे तडकतात. दादा बोलत होता तेव्हा एका फोनचं काम. मी कालपासून चार वाक्यं कागदावर लिहून पाठ केली. वर लिहिलं: हसू.

त्याने फोन उचलला तसं मी सुरू केलं. नावाने हाक मारली, हसले. तो काहीतरी म्हणाला, मी परत नावाने हाक मारली. तो दादाबद्दल काहीतरी सांगू लागला — सगळेच सांगतात, दादा कसे होते, काय बोलायचे — मी त्याला नम्रपणे मुद्द्यावर परत आणलं. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

मग रेकॉर्डिंग ऐकलं. देवा! हा माझा आवाज? ओला बूट फरशीवर घासावा तसा. त्यात ते हसू. 'प्लॅस्टर' म्हणताना मी हसतेय, 'तडा' म्हणताना हसतेय. अर्ध्यात बंद केलं. उशीखाली ठेवला फोन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी नवीन पोती आली! खडा एक नाही. वर चिठ्ठी: 'झाल्या गोष्टीबद्दल माफी.'

मी केलं हे. मी! चार वाक्यं आणि एक हसू. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला फोनवर काही सांगितलं आणि ते झालं. पोतं उघडून मूठभर प्लॅस्टर दादाच्या हातावर ठेवलं. त्याने बोटांनी चोळून बघितलं, मान हलवली. "च्यायला." अगदी साधंच, काही आश्चर्य नाही. मला जरा राग आला. धाकट्या बहिणीचं कौतुक करायला शब्द एकच असला तरी सूर तरी चांगला लावावा माणसाने.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज भावना विकायचा सराव होता. माझ्या कुणी घेतल्या नाहीत.

२ मार्च, रविवार

दादाकडे गेले. निघण्याआधी चार-पाचदा फोन लावला, सारखा व्यस्त. शेवटी तशीच गेले. वहिनीने दार उघडायला वेळ लावला. "येताना फोन करून येत जा गं," म्हणाली. म्हटलं, केला की, लागत नव्हता. म्हणाली, तिच्या बहिणीचा होता, ती एकदा बोलायला लागली की सोडत नाही.

दादा आरामखुर्चीत. एक कान लालबुंद. कुशीवर झोपला असणार. मी त्याला कोर्सच्या गमती सांगितल्या. गालमाईकची नक्कल करून दाखवली. आता ऐकण्याची कला येतेय मला, हेही सांगितलं — समोरचा बोलतो त्याच्या मागचं ऐकायचं, तो काय बोलत नाही ते ऐकायचं. वहिनीला एकदम ठसका लागला. उठून आत गेली.

तिची मला काळजी वाटते. सगळा भार तिच्यावर आहे आणि ती एका शब्दाने कुरकुर करत नाही.

४ मार्च, मंगळवार

वर्गात रंगीत तालीम. सतरा तारखेला जे बोलायचंय ते सगळ्यांसमोर. गालमाईक झाला बडे डॉक्टर, सोफाकव्हरवाल्या बाई झाल्या मॅनेजरबाई. पडद्यावर आमच्या लॅबचा फोटो, खाली 'हास्य हीच आमची परंपरा'. हे वाक्य गालमाईकचं. मला ते वाचतानाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या वाक्यावर अडकले. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. नुसती उभी. पंखा फिरतोय. टाकीवाला बिचारा खालून ओठ हलवून मला पुढचा शब्द सांगतोय आणि मी त्याच्या त्या वळलेल्या दाताकडे बघतेय.

"एक लक्षात ठेवा," गालमाईक नंतर म्हणाला, "काही झालं तरी प्रतिस्पर्ध्याबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. एकही नाही."

ते कठीण आहे. त्या मोठ्या लॅबची कवळी मी बघितलीय. चांगली असते.

७ मार्च, शुक्रवार

लॅब बंद झाल्यावर दादासमोर तालीम केली. पॉलिशवाल्याला घरी पाठवलं, लाज वाटते.

'हास्य हीच आमची परंपरा' म्हटलं तर दादाने डोळे मिटून घेतले, दाढ दुखल्यासारखे. मला माहीत होतंच. ते वाक्य गेलं. 'अत्याधुनिक तंत्र' म्हटलं तर त्याने आमच्या त्या गंजक्या बिजागरीच्या लोखंडी जबड्याकडे बोट दाखवलं, ज्यात आम्ही वरची-खालची कवळी जुळवून बघतो. तेही गेलं. असं करत करत माझं भाषण पोस्टकार्डाएवढं उरलं. मग नेहमीसारखी अडकले.

तेव्हा दादा म्हणायला लागला, "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट."

नवी कवळी बसवली की डॉक्टर पेशंटला हेच म्हणायला लावतात, साठ ते सत्तर. या आकड्यांत दात जरा जरी चुकला तरी शिट्टी वाजते. दादाने सगळे म्हटले, सावकाश, एक शिट्टी नाही. सत्तरला पोचला तोवर माझा श्वास जागेवर आला होता आणि पुढचं वाक्यही आठवलं.

एक शब्द आणि आकडे, एवढ्या भांडवलावर तो अजून माझा मोठा भाऊच आहे. त्याला असं बघून मला फार वाईट वाटतं आणि फार बरंही वाटतं.

११ मार्च, मंगळवार

वर्गाला दांडी. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. गालमाईकने उत्तर पाठवलं, 'भीतीला मिठी मारा.' मी गोळी घेऊन झोपले.

१६ मार्च, रविवार

उद्या. काही लिहवत नाही.

१७ मार्च, सोमवार

क्रमाने लिहिते.

वहिनी आणि दादा मला सोडायला आले, टॅक्सीने. दादा पुढे. उतरताना मी म्हटलं, "तू चल ना वर, नुसता बसून राहा." त्याने मान हलवली, नाही. माझ्या खांद्यावर डाव्या हाताने थापटलं. मला भयंकर राग आला त्याचा. आजारी माणसाचा राग आला म्हणून मग स्वतःचा आला.

वरची खोली सगळी काचेची. लांब टेबल, एका टोकाला बडे डॉक्टर, बाजूला मॅनेजरबाई. वाटलं होतं तशा नाहीत, तरुण आहेत, थकलेल्या. समोर मोठ्या लॅबचं जाडजूड माहितीपुस्तक. मी पिशवीतून आमच्या दोन कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या. सवयीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी ओठ मिटले. झालं! पहिल्या मिनिटालाच समोरच्याला अस्वस्थ केलं.

आणि सगळं पुसलं गेलं. पोस्टकार्डाएवढं भाषण, तेही. मी मनात मोजायला लागले. एकसष्ट, बासष्ट. अडुसष्टपर्यंत आले तरी काही आठवेना.

बड्या डॉक्टरांना दया आली असणार. म्हणाले, "ते राहू द्या. दादा कसे आहेत? काय म्हणतात?"

मी म्हटलं, "च्यायला म्हणतात."

मॅनेजरबाईंचं पेन कागदावरच थांबलं. मग मी घाईघाईने सगळं सांगितलं: की तेवढाच शब्द उरलाय, शिवी द्यायचा हेतू नव्हता, चहा आवडला तरी तेच आणि नाही आवडला तरी तेच. डॉक्टर हसायला लागले. खुर्ची मागे सरकवून, डोळे पुसत. "तासन्‌तास बोलायचा हो तो माझ्याशी," म्हणाले. "मी फोन टेबलावर ठेवून पेशंट तपासून यायचो, तरी तो चालूच." मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनीही विचारलं, "तुम्ही काय म्हणता मग?"

काय म्हणू? जे होतं ते म्हटलं. म्हटलं, मशीनवाल्यांची कवळी चांगली असते. लवकर होते. साध्या तोंडांना ती द्या, आम्हीही आमच्या माणसांना तीच घ्या म्हणू. पण तुमच्याकडे काही पेशंट परत परत येतात. ज्यांचं हाड झिजलंय, कवळी डुगडुगते, ज्यांना सदुसष्ट म्हणता येत नाही, जे चारचौघांत बोलायचंच सोडून देतात. ते मला पाठवा. मी त्यांना लॅबमध्ये बसवून घेईन, बोलायला लावीन, बसेपर्यंत बदलून देईन. बोलता येत नाही म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे.

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"म्हणजे तुम्हाला काम कमी मिळेल," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला," मी म्हटलं. "पण ते मशीनला नेता येणार नाही."

बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, परत येणारे सगळे तुमचे, चारी दवाखान्यांतले. आणि माझ्या आईपासून सुरुवात करा, ती आमच्या कवळीला रोज नावं ठेवते. बाई हसल्या, पहिल्यांदाच, मोकळेपणाने. माझी नजर खाली उतरायला लागली होती, ती मी धरून वर आणली. बाईंचे डोळे तपकिरी आहेत.

खाली टॅक्सी थांबलेली. दादाने काच खाली केली. मी सांगितलं, कुलूप नाही. त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, च्यायला. असा त्याने तो कधीच म्हटला नव्हता. वहिनी रडली, मी रडले, टॅक्सीवाल्याने मीटर बंद केलं.

१८ मार्च, मंगळवार

शेवटचा वर्ग. मी काय बोलले ते सांगितल्यावर गालमाईक सगळ्यांना म्हणाला, "बघा! हेच मी शिकवत होतो." टाकीवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं की तो दात सरळ होईल का. म्हटलं, होईल, पण करू नका, छान दिसतो.

प्रमाणपत्र मिळालं. सोनेरी कडा. निघताना गालमाईकने माईक काढून ठेवला होता आणि त्याचा खरा आवाज बारीक, चांगला आहे. म्हणाला, "ते पहिलं रेकॉर्डिंग पुसून टाकण्याआधी एकदा पूर्ण ऐका. स्वतःचा आवाज सोडून द्या. समोरचा काय म्हणतोय तेवढंच."

बरं, म्हटलं. माणसाला फी घेतल्याची लाज असते, शेवटपर्यंत काहीतरी शिकवत राहतो.

२२ मार्च, शनिवार

फोनमधली जागा भरली म्हणून रेकॉर्डिंग पुसायला घेतलं. आधी ऐकलं. पूर्ण.

प्लॅस्टरवाला पहिल्याच वाक्यात म्हणतोय, "अहो ताई, काल दादांचा फोन आला होता, चांगलंच झापलं मला, पोती उद्या पोचतील." मी त्याला नावाने हाक मारतेय. तो म्हणतोय, "दादांचं बोलणं सुधारलं बघा, माझ्या मुलीच्या परीक्षेचंसुद्धा विचारलं." मी त्याला नम्रपणे मुद्द्यावर परत आणतेय. हसून.

दादाच्या घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गं धाकटे?"

स्वच्छ. जरासा अडखळत, पण तोच आवाज.

"डॉक्टरांनाही केला होतास फोन?" मी विचारलं.

"नाही. शपथ. ते तुझं तू केलंस." मग शब्द शोधत, थांबत थांबत, "जन्मभर मीच बोललो गं. कंटाळा आला होता. बोलणं परत आलं तरी गप्प बसून बघितलं, तर तू बोलायला लागलीस. म्हटलं, चालू दे."

कोर्समधलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणाले, "च्यायला."